विहीणबाईंबरोबर आल्प्समध्ये

ऑस्ट्रियातले डोंगर मी हौसेनं पाहायला गेले, असं मी जालन्यात सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मला माझ्या मुलीनं आणि जावयानं घराबाहेर काढलं होतं. तेही एकटीला नाही, विहीणबाईंसकट.

मुलगी आणि जावई तिथल्या इन्सब्रुक शहरात राहतात; लग्नानंतरचं पहिलं वर्ष मात्र मुलगी सासरीच होती. मुलीचे दिवस भरत आले तेव्हा मी बदनापूरच्या तहसील कचेरीतून निवृत्त होऊन मोकळीच होते. पहिलं बाळंतपण माहेरचं, या न्यायानं घराची किल्ली आमच्या ह्यांच्या हाती दिली आणि डिंक, खारीक, ओवा, बाळंतशेपा असं सगळं बांधून विमानात बसले. नात झाली. पहिला सव्वा महिना घर माझ्या मताप्रमाणं चाललं. मग विहीणबाईंचा फोन आला, "नातीचं तोंड मी मोबाईलातच पाहू का?" आणि बघता बघता त्याही येऊन दाखल झाल्या. त्यांचं तिकीट केव्हाच काढून ठेवलेलं होतं, हे मला शेवटी कळलं.

विहीणबाई शहागडजवळच्या. गोदावरीच्या काठाला त्यांचं उसाचं आणि मोसंबीचं रान आहे. उंच, ताठ बाई. आवाज असा, की या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला फोन करायची गरज पडत नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण आमचं बोलणं रीतीपुरतंच. तेही निम्मं 'जेवून घ्या' आणि 'आता निघतो' यातच संपायचं. आता दोन खोल्या, एक ओटा आणि त्यापुढं आम्ही दोघी.

मी नातीला तिळाचं तेल लावायचे, त्यांना खोबऱ्याचं पाहिजे असायचं. मी टोपडं बांधायचे, त्या सोडायच्या, मी पुन्हा बांधायचे. बाळ रडलं की त्या म्हणायच्या, पोट दुखतंय. मी म्हणायचे, भूक लागलीय. मुलगी आतून म्हणायची, "तुम्ही दोघी बोलताय म्हणून रडतेय ती."

एकाच गोष्टीत आमचं एकमत झालं आणि तेच अंगाशी आलं. बाळाला आणि बाळंतिणीला धुरी द्यायलाच पाहिजे, यात दोघींना शंका नव्हती. ओवा माझा होता. निखारा त्यांचा. पोरांनी बाल्कनीत कणसं भाजायला कोळसे आणून ठेवले होते, त्यातले दोन-तीन त्यांनी तिथंच पेटवून लाल केले आणि पातेल्यात घालून आत आणले. मी वरून मूठभर ओवा टाकला. धूर मस्त झाला. अगदी आपल्याकडं होतो तसा. छतावरचं ते पांढरं गोल झाकण कशासाठी असतं, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. ते एकदम बोंबलायला लागलं. विहीणबाईंनी त्याला लाटण्यानं खालून दोनदा ढोसलं, तर ते आणखी चेकाळलं. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी अग्निशमनवाल्यांना बोलावलं आणि डोक्यावर भली मोठी टोपडी घातलेली चार दांडगी माणसं आमच्या दारात उभी राहिली. विहीणबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला आणि त्यांना म्हणाल्या, "या, बसा."

जावई ऑफिसातून धावत आले, तेव्हा त्यांची आई माझ्याकडं बोट दाखवत होती आणि मी पातेल्याकडं.

त्या रविवारी जेवताना ते फार गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही दोघी इतक्या लांब आलात आणि काहीच पाहिलं नाही. चार दिवस डोंगरात जाऊन या. माझ्या मित्राच्या मावशीचं शेतावर घर आहे, तिथं पाहुण्यांना खोल्या देतात."

असलं वाक्य मी कचेरीत पुष्कळ वेळा वाचलेलं आहे. आपल्या अनुभवाचा लाभ दुर्गम भागाला व्हावा, असं बदलीच्या हुकमात लिहितात ना, तसंच. विहीणबाईंना मात्र पटलं नव्हतं. "आणि पोरीला कोण पाहील?" त्यांनी विचारलं. "आम्ही," मुलगी म्हणाली. आम्हा दोघींना एकदमच हसू आलं.

आगगाडी आणि मग बस. जावई बसपर्यंत सोडायला आले आणि ड्रायव्हरला काहीतरी सांगून गेले. त्यानं मान डोलावली आणि आरशातून आमच्याकडं असं बघितलं, की जणू दोन पार्सलं आहेत आणि ती न फुटता पोचवायची आहेत. रस्ता दोन डोंगरांच्या मधून चालला होता. खाली पांढरट हिरवी नदी, दोन्ही बाजूंना गवताचे उतार, त्यावर काळसर झाडी आणि त्याच्याही वर, जूनअखेर असून, बर्फ. बसमध्ये पुढच्या थांब्याचं नाव सांगत होते. प्रत्येक नावाच्या शेवटी 'टाल' यायचं.

"टाळ काय म्हणून राह्यलेत?" विहीणबाईंनी विचारलं.

"टाळ नाही, टाल. म्हणजे खोरं. दरी."

एवढ्यात बस थांबली, दार उघडलं आणि बाहेरून गाईंच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज आत आला. उतारावर पाच-पन्नास गाई चरत होत्या आणि प्रत्येकीच्या गळ्यात तांब्याएवढी घंटा. विहीणबाई म्हणाल्या, "मंग बराबर हाय. टाळ वाजूनच राह्यलेत."

मला हसायचं नव्हतं. पण हसले.

घरमालकीण थांब्यावर उभी होती. आमच्याच वयाची, रुंद खांद्यांची, आखूड केसांची बाई. निळा एप्रन, पायात रबरी बूट. तिनं दोघींचे हात असे दाबले की माझी अंगठी बोटात रुतली. आमच्या बॅगा तिनंच उचलल्या. विहीणबाईंना ते आवडलं नाही, मुलाकडच्या म्हणून आपली बॅग आधी उचलायला पाहिजे होती, तिनं माझी आधी उचलली. त्या माउलीला काय कळणार कोण मुलाकडचं आणि कोण मुलीकडचं, हा विचार करून मला बरं मात्र वाटलं.

घर लाकडाचं होतं, बाल्कनीभर लाल फुलं लोंबत होती आणि खालच्या अंगाला भिंतीला भिंत लावून गोठा. खोलीत गेल्यावर विहीणबाईंनी खिडकी उघडली, एक दीर्घ श्वास घेतला आणि माझ्याकडं वळल्या.

"शेण," त्या म्हणाल्या. "एवढा खर्चा करून, विमानात बसवून, पोरानं मला शेणाच्या वासाला आणलं."

"ताजी हवा आहे म्हणाले ते."

"हवा ताजी हाय. शेणबी ताजं हाय."

संध्याकाळी आम्ही गावातून फेरी मारली. त्या देशातल्या नीटनेटकेपणाचं मला कौतुक वाटत होतं, पण तिथं ते जरा जास्तच झालं होतं. सरपणाच्या लाकडांची थप्पी अशी रचलेली, की एक ओंडका काढायला परवानगी लागत असेल. उतारावरचं गवत कापून ओळीनं पसरलेलं, जणू कुणी कंगवा फिरवलाय. दर शंभर पावलांवर बसायला बाक. विहीणबाईंचं लक्ष सगळं उतारांवर होतं. एवढ्या उभ्या जमिनीवर माणूस उभा कसा राहतो, हेच त्यांना कळत नव्हतं.

"पेरतात काय हे लोक?"

"गवत."

"गवताबरोबर काय?"

"काही नाही. गवतच."

त्या थांबल्या. पुन्हा एकदा डोंगराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "आमच्याकडं गवत उगवलं तर बाया लावून काढतो," त्या म्हणाल्या. "हितं गवतावर बंगला बांधलाय."

रस्त्यानं भेटणारा प्रत्येक माणूस नमस्कार करायचा. ओळख ना पाळख. माझा कचेरीतला स्वभाव, कोणी नमस्कार केला की याचं काय काम अडलंय, हे मी आधी बघते. विहीणबाई मात्र खणखणीत 'राम राम' ठोकत चालल्या होत्या. एका आजोबांनी तर थांबून 'लाम लाम' म्हणून परत दिला.

आता त्या रात्रीच्या जेवणाचं सांगते. मुलीनं आम्हाला 'मांस नको' एवढं एक वाक्य जर्मनमध्ये पाठ करून दिलं होतं. आम्ही दोघींनी ते दारातच इतक्या वेळा म्हटलं होतं, की मालकीण घाबरून गेली असावी. तिनं आमच्यासाठी मुद्दाम गोड पदार्थ केला. भल्या मोठ्या लोखंडी तव्यासकट टेबलावर आणून ठेवला. पाहते तर धिरड्याचे तुकडे. जाड, पिवळसर, बटरमध्ये परतलेले, फाटके-तुटके तुकडे, वर पिठीसाखर भुरभुरलेली आणि बाजूला आलुबुखाराचा मुरंबा.

विहीणबाईंचा चेहरा एकदम कनवाळू झाला. इतका कनवाळू चेहरा त्यांनी माझ्यासाठी कधी केला नव्हता.

"बिचारीचं धिरडं फाटलं," त्या मला हळूच म्हणाल्या. "पाहुणे आले आणि धिरडं फाटलं. मंग साखर टाकून झाकून राह्यली. सांगा तिला, लाजू नको म्हणावं. तव्याला चिकटतंच कधी कधी."

माझ्या मोबाईलवर भाषांतराची सोय होती आणि तिचा मला थोडा अभिमान होता. इंग्रजी लिहायचं, ते जर्मनमध्ये बोलून दाखवायचं. मी लिहिलं, की ते फाटलं त्याबद्दल आपण दुःख करू नये. मोबाईल मोठ्यानं बोलला. मालकिणीनं चमकून आपल्या स्कर्टकडं पाहिलं. मग उठून मागून चाचपून पाहिलं. मग आत जाऊन, बहुतेक आरशात पाहून, परत आली आणि फार संशयानं माझ्याकडं बघत बसली.

"तुमच्या मोबाईलला काय येत न्हाई," विहीणबाई म्हणाल्या. "मी सकाळी करून दाखवते."

सकाळी मी खाली आले तर विहीणबाई चुलीपुढं उभ्या आणि मालकीण बाजूला हात बांधून. त्या मराठीत बोलत होत्या, ती जर्मनमध्ये, दोघीही मोठ्यानं, म्हणजे आवाज वाढवला की भाषा कळते अशी दोघींची पक्की समजूत. पीठ भिजवून झालं होतं. विहीणबाईंनी तवा तापवला, पाणी शिंपडून पाहिलं, वाटीनं पीठ ओतून गोल फिरवलं. कडा सुटायची वाट पाहिली. "जल्दी करायची न्हाई," त्यांनी मालकिणीला सांगितलं. तिनं मान हलवली. मग त्यांनी ते एका झटक्यात उलटलं. चंद्रासारखं गोल, कुठं चीर नाही, जाळी पडलेली. खरं सांगते, मला एवढं जमत नाही. माझं पहिलं नेहमी चिकटतं.

मालकिणीनं टाळ्या वाजवल्या. विहीणबाईंनी ते तिच्या ताटलीत अलगद सोडलं आणि विजयी मुद्रेनं माझ्याकडं पाहिलं. मालकीण ताटली घेऊन टेबलाशी बसली. ड्रॉवर उघडला. दोन काटे काढले आणि दोन्ही हातांनी त्या धिरड्याच्या फराफरा चिंध्या केल्या. मग वर पिठीसाखर भुरभुरली आणि आनंदानं खायला लागली.

विहीणबाईंच्या हातात उलथणं तसंच राहिलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "हिला असंच लागतं की."

मी बाहेर बाल्कनीत जाऊन हसले. त्यांना त्यांच्या तोंडावर हसण्याएवढी आमची ओळख अजून झाली नव्हती.

तिसऱ्या दिवशी आम्ही वरच्या कुरणापर्यंत चालत जायचं ठरवलं. गावापासून वर एक वाट होती. वर लाकडी खोपट आहे, तिथं ताक मिळतं, असं मालकिणीनं हातवाऱ्यांनी सांगितलं. ताकाचा अभिनय तिनं इतका छान केला की दोघींनाही ते एकदम कळलं. मी गुडघ्याला पट्टा बांधला. विहीणबाई तयार होऊन बाहेर आल्या आणि मी पाहतच राहिले. पायात मुलाचे बूट, अंगात मुलाचं जाकीट आणि खाली नेसलेली साडी म्हणजे आम्ही लग्नात दिलेली मानाची साडी. माहेरच्या बाजूनं वरमाईला दिलेली. संभाजीनगरला जाऊन, तीन दुकानं पालथी घालून मी स्वतः निवडलेली.

डोंगर चढायला!

मी काही बोलले नाही. काही न बोलता मला बऱ्यापैकी चढता येतं, हे त्या दिवशी कळलं. वाटेत दोन्ही हातांत काठ्या घेतलेली म्हातारी जोडपी भेटत होती. "दोन-दोन काठ्या!" विहीणबाई म्हणाल्या. "धड चालता येत न्हाई तर घरी बसावं माणसानं." तेवढ्यात आमच्याहून वीस वर्षांनी तरी मोठ्या वाटणाऱ्या एक आजी काठ्या टेकत भराभर पुढं निघून गेल्या. त्यानंतर विहीणबाईंनी काठ्यांचा विषय काढला नाही.

झाडी संपली, कुरण लागलं. एका वळणावर बाक होता. तिथं धापा टाकत बसलो. समोर सगळं खोरं उघडं पडलं होतं. खाली नदी, चर्चचा टोकदार मनोरा, खेळण्यातली वाटावीत अशी घरं. ढगाचा एक तुकडा आमच्या खालून चालला होता. अशा जागी माणसानं गप्प बसावं. मी म्हणाले, "ती साडी जरा जपून नेसायची असते."

"कोणती? ही होय?" त्यांनी निऱ्यांकडं पाहिलं. "जाड हाय. थंडीला बरी."

"जाड नाही, ती भारी आहे."

"रंग फिका हाय हिचा. मी त्या दिवशीच म्हणाल्ते, पण तुमच्यापुढं कोण बोलणार? मानाची साडी अन् तीबी विटकी."

"मोतिया रंग आहे तो!"

"मोती असा असतो व्हय? मंग गावातल्या बायांनी मला का विचारलं, की इहीणबाईंनी नेसलेली दिली का म्हणून?"

चार वर्षं त्यांनी हे पोटात ठेवलं होतं. माझ्याही पोटात होतंच. मीही काढलं. "आणि तुम्ही? पहिल्या दिवाळीला लेक पाठवलीत आणि भाऊबीजेच्या संध्याकाळी परत न्यायला गाडी पाठवलीत. मी चिवडा तळत होते. तो तिला धड खाताही आला नाही. आईला काय वाटतं, याचा बिलकुल विचार केला नाहीत तुम्ही."

मला वाटलं, आता त्यांचा तो बांधावरचा आवाज चढेल. पण त्या समोर बघत बोलल्या, तेव्हा आवाज नेहमीपेक्षा बराच खाली होता.

"आमच्या घरात दोन माणसं. ह्यांचं बोलणं म्हणजे पाणी सोडलं का, मोटार चालू हाय का. पोरगा होस्टेलला गेला तेव्हापासून असंच. तुमची लेक आली अन् घरात कोणीतरी हसून राह्यलं. ती दिवाळीला गेली, तर मला चार दिवस करमंना. म्हणून गाडी पाठवली. सांगणार कसं? सासूनं सुनेवाचून करमंना म्हणायचं? लोक काय म्हणतील?"

चिवड्याचा राग चार वर्षं सांभाळलेला, तो असा एकदम ठेवायला जागाच उरली नाही. मी दुसरीकडं तोंड करून डोंगर बघायला लागले. त्याही दुसरीकडं बघत होत्या. म्हणून दोघींनाही मागून आलेली गाय दिसली नाही.

"इहीणबाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही माझा पदर का वढून राह्यल्या?"

"मी?"

वळून पाहते तर बाकाच्या मागं एक तपकिरी गाय, म्हशीएवढी, आणि मोतिया पदर हातभर तिच्या तोंडात. ती शांतपणे रवंथ केल्यासारखी चावत होती. विहीणबाई उठल्या तशी ती आणखी एक घास आत घेऊन मोकळी झाली. विहीणबाई जन्मापासून गुरांत वाढलेल्या. त्यांनी 'हौऽ, हाऽ, फिर मागं' असं सगळं म्हणून पाहिलं. गायीनं कान हलवले. तिला यातलं अक्षर कळत नव्हतं.

"हिला मराठी येत न्हाई!" त्या ओरडल्या. "तुमचा तो मोबाईल काढा!"

मी मोबाईल काढायला पिशवीत हात घातला, हे सांगायला मला आजही लाज वाटते. मग भान आलं. पिशवीत मालकिणीनं दिलेला पाव होता, तो काढून मी गायीच्या तोंडापुढं धरला. तिनं पावाचा वास घेतला, विचार केला, आणि तोंड उघडलं. विहीणबाईंनी हिसका दिला. टर्र आवाज झाला. पदर सुटला, पण त्याचा कोपरा गायीकडंच राहिला, आणि तिनं तो पावाबरोबर गिळूनही टाकला.

आम्ही दोघी वाटेच्या कडेला उभ्या. विहीणबाईंनी पदर उलगडला. शेवटची वीतभर साडी गेलेली, उरलेल्यावर हिरवट लाळ. मी काळजीत पडले. कसंही असलं तरी मानाची साडी. अपशकुन मानतील, मनाला लावून घेतील.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "नाही तरी रंग मला आवडत नव्हता."

आणि हसायला लागल्या. ते हसणं खालपर्यंत ऐकू गेलं असेल. मीही हसले, या वेळी समोरच. हसता हसता माझा गुडघ्याचा पट्टा घसरून घोट्यावर आला, तो त्यांनी वाकून वर ओढून बांधून दिला. मुलाकडच्या बाईनं मुलीकडच्या बाईच्या पायाला हात लावला, हे लक्षात आल्यावर त्या पटकन सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "हे कोणाला सांगायचं न्हाई." आता लिहिलंच आहे, तर कळेलच सगळ्यांना.

वर खोपटात ताक मिळालं. दाट, आंबट, पण मीठ ना जिरं. विहीणबाईंनी कमरेची चंची सोडून त्यातली जिरेपूड दोघींच्या पेल्यांत घातली. पलीकडच्या टेबलावरची माणसं टक लावून बघत होती, तर त्यांच्याही पेल्यांत घातली. एका माणसानं घोट घेतला आणि आपल्या बायकोकडं जे पाहिलं, ते अजून डोळ्यापुढं आहे.

संध्याकाळी मालकिणीनं तो पदर पाहिला. काय झालं हे आम्ही दोघींनी अभिनय करून सांगितलं. मी गाय झाले होते. ती बाई आवाज न करता हसायची, नुसते खांदे गदागदा हलायचे. मग ती साडी घेऊन शिलाई मशीनवर बसली आणि फाटका भाग सरळ कापून, काठ दुमडून अशी शिवली की पटकन ओळखू येऊ नये. विहीणबाई डोक्यावर उभ्या राहून "टीप बारीक घाला" म्हणत होत्या. ती बारीक घालत होती.

चौथ्या दिवशी आम्ही परत आलो. मुलीनं रोज फोनवर 'सगळं ठीक आहे' सांगितलं होतं. ते आपल्याला बरं वाटावं म्हणून सांगते, असं आम्ही दोघींनी बसमध्ये ठरवून टाकलं होतं. घरी काय अवस्था असेल, आल्या आल्या कोणी काय हातात घ्यायचं, तेही वाटून घेतलं. न्हाऊमाखू मी, स्वयंपाक त्या.

दार उघडलं. घर आवरलेलं. मुलगी केस मोकळे सोडून चहा पीत बसलेली, डोळ्याखालची काळी वर्तुळं गेलेली. आत जावई बाळाला आंघोळ घालत होते. एक हात मानेखाली, एका हातानं पाणी, आणि काहीतरी गुणगुणत. नात मजेत पाय मारत होती. टोपडं नव्हतं. तेल कोणतं लावलं होतं कोण जाणे.

आम्ही दोघी दारातच उभ्या राहिलो.

"आपल्यावाचून काय अडलं न्हाई यांचं," विहीणबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"थोडं तरी अडायला पाहिजे होतं," मी म्हणाले.

त्यानंतर तिळाच्या आणि खोबऱ्याच्या तेलावरून वाद झाला नाही. कारण दोन्ही बाटल्या पोरांनी कपाटात वर ठेवून दिल्या होत्या आणि आम्हा दोघींना त्या कुणाला मागायला संकोच वाटत होता. एकमेकींशी मात्र आम्ही आता फार बोलायचो. इतकं, की खालच्या म्हाताऱ्या बाई एकदा वर येऊन, काही जळत तर नाही ना, हे बघून गेल्या.

आम्ही दोघी देशात परतल्यावर, हिवाळ्यात विहीणबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जालन्यात झालं. त्यांचा चुलत भाऊ जालन्यातच राहतो, पण त्या बॅग घेऊन थेट माझ्या दारात आल्या. मुलाकडची बाई मुलीकडच्यांच्या घरी आठ-आठ दिवस राहते, याचं आमच्या गल्लीला फार नवल. शेजारच्या बाईंनी तर विचारलंच. विहीणबाई काळा चष्मा लावून दारापुढच्या ओट्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मान पाहिजे म्हणून आले. हितं बराबर मिळतो. सकाळचा चहा जरा थंड असतो, पण सांगितलं की गरम करून देतात."

दिवसातून चार वेळा डोळ्यात औषध घालायचं काम माझ्याकडं होतं. मी त्यांना पलंगावर आडवं करायचे आणि म्हणायचे, डोळा उघडा ठेवा. थेंब पडायच्या नेमक्या क्षणाला त्या डोळा मिटायच्या आणि औषध गालावरून कानात जायचं.

"नेमच न्हाई तुमचा," त्या म्हणायच्या. "सरकारी नोकरी कशी केली तुम्ही?"

"डोळा उघडा."

"उघडाच हाय."

"हा मिटलेला आहे, विहीणबाई."

"मंग तुम्ही जरा जल्दी टाका ना."